बँकेने परत केलेल्या परकी नोटा: कोणती नोट कोठे वटवावी

अंबाजोगाईहून आलेल्या आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. आपले थोरले बंधू मस्कतमधील नोकरी संपवून चार महिन्यांपूर्वी कायमचे गावी परतले आणि त्यांच्याजवळ 1,400 अमेरिकी डॉलर व 160 ओमानी रियाल रोख आहेत. पुतण्याने 2021 साली इंग्लंडमधील शिक्षण आटोपून येताना आणलेल्या 20 पौंडांच्या तीन कागदी नोटा आणि थोडी नाणीही त्याच डब्यात पडून आहेत. ज्या बँकेत घरातील सर्वांची खाती आहेत, तिच्या शाखेने पहिल्या खेपेस परकी चलन घेत नसल्याचे सांगितले, दुसऱ्या खेपेस नोटा जुन्या असल्याचे कारण दिले आणि तिसऱ्या खेपेस वरिष्ठ कार्यालयाकडे बोट दाखवले. दरम्यान ओळखीच्या एका व्यापाऱ्याने सर्व नोटा रोखीने घेण्याची तयारी दाखवली आहे. बँकेची ही टाळाटाळ आहे काय, आणि आता काय करावे, असे आपण विचारता. मी नोकरीचा बराच काळ छत्रपती संभाजीनगर येथे बँकेच्या विदेशी विनिमय विभागात काढला असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

शाखेने सांगितलेली तिन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. आपण जो डबा एकत्र घेऊन गेलात त्यात बँकेच्या दृष्टीने चार वेगवेगळी प्रकरणे आहेत: सहज खपणारे डॉलर, आपल्या भागात गिऱ्हाईक नसलेले ओमानी रियाल, चलनातून काढून घेतलेले पौंड आणि कोणीच न घेणारी नाणी. सगळे एकत्र काउंटरवर ठेवले की कर्मचारी सर्वांत अवघड नोटेकडे पाहून सरसकट नकार देतो आणि त्यात चांगली नोटही परत येते. म्हणून घरीच नोटा वेगळ्या करणे, प्रत्येकीचे मूल्य व तिच्यावर छापलेले वर्ष कागदावर लिहिणे आणि कोणती नोट कोणाची हे ठरवणे, हे पहिले काम समजावे. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. डॉलर व रियाल बंधूंचे आहेत, पौंड पुतण्याचे आहेत. ज्याचे चलन त्यानेच आपल्या ओळखपत्रासह हजर राहून द्यायचे असते. घरातील वडीलधाऱ्याने सर्वांच्या नोटा आपल्या नावावर द्यायला नेल्या की विचारणा सुरू होते आणि तिची उत्तरे देणे अवघड जाते.

आता शाखेकडे वळू. विदेशी विनिमय व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, 1999 चा असून तो 1 जून 2000 पासून लागू आहे. त्याखाली परकी चलनाची खरेदी-विक्री फक्त रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या व्यक्ती व संस्थांनाच करता येते. बँकेला असा अधिकार असला तरी ती तो आपल्या प्रत्येक शाखेला देत नाही. मोठ्या बँका काही निवडक शाखाच विदेशी विनिमयासाठी नेमतात आणि त्या साहजिकच निर्यातदार, कारखाने, परदेशी जाणारे विद्यार्थी व पर्यटक असतात अशा ठिकाणी असतात. मराठवाड्यात असे काम प्रामुख्याने संभाजीनगरला चालते, कारण वाळूज व शेंद्रा येथील उद्योग आणि वेरूळ-अजिंठ्याला येणारे परदेशी प्रवासी तेथे आहेत. तालुक्याच्या शाखेत एकच नाव, एकच पासबुक व एकच संगणक प्रणाली असली तरी परकी नोट विकत घेण्याचा अधिकार नसू शकतो. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत किंवा गावच्या नागरी पतसंस्थेत तर ही अपेक्षाच ठेवू नये.

अधिकार असलेल्या शाखेतही अडचण उरतेच, आणि ती समजली तर बँकेवरचा राग बराच कमी होईल. बँकेने घेतलेली परकी नोट तिजोरीत नुसती पडून राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही, तिचा विमा उतरवावा लागतो, दररोज मोजणी व मूल्यांकन करावे लागते आणि दर कोसळला तर तोटा बँकेचा होतो. त्या नोटेला बाहेर पडायला दोनच वाटा असतात. एक तर परदेशी निघालेल्या एखाद्या ग्राहकाला ती विकणे, नाहीतर मुंबईला पाठवून घाऊक व्यवहार करणाऱ्यांमार्फत परदेशी रवाना करणे. पहिली वाट स्वस्त आणि दुसरी खर्चाची आहे. आपल्या भागातून हज व उमरा यात्रेला जाणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे सौदी रियालला येथे खरोखर मागणी असते आणि परतलेल्या यात्रेकरूची उरलेली नोट पुढच्या यात्रेकरूला विकता येते. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांमुळे कॅनडाचे डॉलर व ब्रिटिश पौंड तेथे अनोळखी नाहीत. ओमानी रियाल मात्र, मूल्याने एवढा भारी असूनही, येथे विकत घ्यायला कोणी येत नाही. म्हणून तो एक तर नाकारला जातो किंवा फार पडत्या दराने घेतला जातो. नोटेच्या अंगभूत किमतीपेक्षा तिला पुढचे गिऱ्हाईक आहे की नाही, यावर काउंटरवरचा निर्णय ठरतो.

आपल्या मराठवाड्याला दोन चलनांचा हा व्यवहार नवा नाही. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालत असे आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयाला जुनी माणसे कलदार म्हणत. सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब 1950 साली धरला गेला आणि हाली सिक्का रीतसर रद्द व्हायला 1959 साल उजाडले. दर ठरलेला असूनही सीमेवरच्या बाजारात बदलणाऱ्याचा कसर-बट्टा असेच, आणि आजच्या काउंटरवरही तो वेगळ्या नावाने असतो.

त्या बट्ट्याचा हिशेब नीट समजून घ्यावा, कारण वर्तमानपत्रात डॉलरचा एक दर छापून येतो आणि हातात वेगळाच पडतो तेव्हा लोकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. बँकेच्या दरपत्रकात एकाच चलनाचे अनेक दर असतात. परदेशातून खात्यावर तारेने आलेल्या रकमेसाठीचा खरेदी दर सर्वांत चांगला असतो आणि रोख नोटेचा खरेदी दर सर्वांत खालचा असतो, कारण वर सांगितलेला सर्व खर्च त्यातून निघावा लागतो. केवळ समजण्यासाठी असे धरू की बाजारातील संदर्भ दर 90 रुपये आहे आणि नोटेचा खरेदी दर 87.50 रुपये. मग 1,000 डॉलरचे 87,500 रुपये होतात. म्हणजे संदर्भ दराच्या मानाने 2,500 रुपये गेले. त्यावर वस्तू व सेवा कर येतो. हा कर पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या 1 टक्का, परंतु किमान 250 रुपये, एवढे सेवेचे मूल्य धरले जाते आणि त्यावर 18 टक्के कर बसतो. आपल्या उदाहरणात सेवेचे मूल्य 875 रुपये व कर 157.50 रुपये होईल. किमान 250 रुपयांच्या या अटीमुळे छोट्यात छोट्या व्यवहारालाही 45 रुपये कर पडतोच. म्हणून वीस-वीस डॉलर पाच वेळा वटवणाऱ्याचे 225 रुपये जातात आणि तेच शंभर डॉलर एकदम देणाऱ्याचे 45 रुपये. एका मालकाच्या नोटा एकाच वेळी वटवाव्यात, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

दर विचारताना नुसता दर विचारू नये. दर, कमिशन व कर सर्व धरून हातात नेमके किती रुपये पडतील ते विचारावे. परवानाधारक मनी चेंजरकडे रक्कम बरी असेल तर थोडी घासाघीस चालते. बँकेच्या छापील दरात ती सहसा चालत नाही. या कारणाने रोख नोटांसाठी मी पुष्कळदा बँकेपेक्षा परवानाधारक मनी चेंजर बरा मानतो. मात्र त्याचा परवाना दुकानात दर्शनी लावलेला असला पाहिजे आणि त्याचे नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत सापडले पाहिजे. अंबाजोगाईहून लातूर जवळ असल्याने आधी तेथील बँकांना व मनी चेंजरांना दूरध्वनीवर विचारावे आणि तेथे जमले नाही तरच संभाजीनगरची वाट धरावी. विचारताना चलनाचे नाव, नोटेचे मूल्य आणि तिच्यावरचे वर्ष सांगावे. तसे न विचारता केलेला दीड-दोनशे किलोमीटरचा प्रवास वाया गेलेला मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिला आहे.

आता एकेक चलन घेतो. डॉलरच्या बाबतीत अमेरिकेचे धोरण अगदी स्वच्छ आहे: 1861 पासून सरकारने काढलेली कोणतीही नोट आजही कायदेशीर चलन आहे. तरीही आपल्या शाखेने त्या जुन्या म्हटल्या असतील, कारण शंभर डॉलरच्या नोटेवरील चित्र 1996 साली मोठे झाले आणि ऑक्टोबर 2013 मध्ये निळी त्रिमितीय पट्टी असलेली नवी नोट आली. लहान चित्राच्या नोटा ओळखण्याचा सराव आता फार थोड्या रोखपालांना उरला आहे आणि बनावट नोटांची भीती त्याच नोटांबाबत अधिक असते. त्यामुळे निळ्या पट्टीच्या नोटांना पूर्ण दर आणि जुन्यांना कमी दर किंवा नकार, असे घडते. बंधूंच्या नोटांतील निळ्या पट्टीच्या नोटा वेगळ्या काढून आधी वटवाव्यात. जुन्या राहिल्याच तर घाईने पडत्या दरात देऊ नयेत. त्यांची मुदत संपत नाही. एक-दोन डॉलरच्या सुट्या नोटांना मात्र कमी दर मिळतो हे गृहीत धरावे.

नोटेच्या अवस्थेवर आपल्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. फाटक्या भारतीय नोटा बदलून देण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम परकी नोटांना लागू नाहीत. शाखेने घेतलेली नोट पुढे परदेशातील बँक नाकारणार असेल तर शाखा ती घेणार नाही. पेनने लिहिलेला आकडा, रबरी शिक्क्याची खूण, स्टेपलरचे भोक, चिकटपट्टी, घामाने किंवा पाण्याने पडलेला डाग यांपैकी काहीही नोट परत येण्यास पुरेसे असते. गड्डीच्या वरच्या नोटेवर एकूण रक्कम लिहून ठेवण्याची आपली सवय येथे थेट नुकसान करते. नोटा सपाट पाकिटात ठेवाव्यात, घडी घालू नये आणि चुरगळलेली नोट इस्त्रीने सरळ करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

ओमानी रियालची स्थिती अधिक नाजूक आहे. ओमानच्या मध्यवर्ती बँकेने 2020 च्या मालिकेपूर्वीच्या अनेक नोटा बंद करण्याचे जानेवारी 2024 मध्ये जाहीर केले आणि त्यांची मुदत 31 डिसेंबर 2024 रोजी संपली. बंधूंच्या 160 रियालपैकी किती रियाल त्या जुन्या नोटांत आहेत, हे त्या बँकेने प्रसिद्ध केलेल्या यादीशी ताडून पाहिले पाहिजे. अलीकडच्या मालिकेतील नोटा संभाजीनगर, पुणे, मुंबई किंवा हैदराबाद येथे घेतल्या जाऊ शकतात. परंतु एक ओमानी रियाल सुमारे 2.60 डॉलरला बांधलेला असल्याने डॉलरच्या दरावरून त्याची किंमत आपण स्वतः काढू शकता, आणि सांगितलेला दर त्याहून फारच खाली असेल तर थांबणे शहाणपणाचे ठरते. मस्कतला परत जाणारा विश्वासू सहकारी असेल तर त्याच्यामार्फत तेथेच चौकशी करावी. आखातातील प्रत्येक देश जुन्या नोटांना सारखी वागणूक देत नाही. कुवेतने आपली पाचवी मालिका 2015 साली व्यवहारातून काढली आणि बदलून घेण्याची अखेरची मुदत 18 एप्रिल 2025 होती. ती उलटल्यावर त्या नोटांचा उपयोग संग्राहकालाच. परभणी, नांदेड, बीडमधील ज्या घरांत आखाती नोकरीच्या आठवणीदाखल नोटा पेटीत ठेवलेल्या आहेत, त्यांनी त्या एकदा बाहेर काढून पाहाव्यात, असे मला मनापासून वाटते, कारण मुदत संपल्याची बातमी येथपर्यंत पोहोचतच नाही.

पौंडांची गोष्ट उलट आहे. 20 व 50 पौंडांच्या कागदी नोटांचे चलन 30 सप्टेंबर 2022 नंतर संपले, त्यामुळे भारतातील कोणतीही बँक त्या घेणार नाही आणि त्यासाठी तिला दोष देता येणार नाही. परंतु बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटा कायम बदलून देते. त्यास मुदत नाही. पुतण्याचे 60 पौंड म्हणून बुडालेले नाहीत. त्याचा एखादा मित्र भारतातून इंग्लंडला जाणार असेल तर ते त्याच्यासोबत पाठवावेत. लंडनच्या मुख्य इमारतीत, तसेच तेथील ठरावीक टपाल कार्यालयांत, ओळखपत्र दाखवून त्या बदलता येतात. भारतातून साध्या पाकिटात नोटा टपालाने पाठवू नयेत. टपालाच्या नियमांचा प्रश्न आहेच आणि पाकीट गहाळ झाल्यास भरपाईही मिळत नाही. नोटेवर स्कॉटलंडमधील एखाद्या बँकेचे नाव असेल तर मात्र वेगळी अडचण येते. ती नोट खरी असूनही येथील मनी चेंजर सहसा घेत नाही.

कायद्याची बाजू आपण विचारलेली नसली तरी सांगणे आवश्यक आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला 2,000 डॉलर किंवा तितक्या मूल्याच्या परकी नोटा जवळ ठेवता येतात आणि त्यापुढचे चलन परतल्यापासून 180 दिवसांत अधिकृत व्यक्तीला विकावे लागते. नाण्यांना मर्यादा नाही. बंधूंचे 160 रियाल म्हणजे साधारण 416 डॉलर. ते 1,400 मध्ये मिळवले तरी बेरीज 1,816 होते, म्हणजे ते मर्यादेच्या आत आहेत आणि त्यांना घाबरण्याचे किंवा पडेल दराला देण्याचे कारण नाही. ज्यांची रक्कम मर्यादेबाहेर आहे आणि 180 दिवसही उलटले आहेत, ते भीतीपोटी बँकेत जातच नाहीत. तसे करू नये. केवळ मुदत संपली या कारणाने चलन विकत घेण्यास नकार देऊ नये, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना स्पष्ट सूचना आहे. विमानतळावर उतरताना 5,000 डॉलरपेक्षा अधिक मूल्याच्या नोटा जवळ असतील तर सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे चलन घोषणापत्र भरावे लागते. बंधूंची रक्कम त्याहून कमी असल्याने कोणी तो कागद मागितला तर तो लागू नसल्याचे सांगता येईल.

व्यापाऱ्याला नोटा देऊ नका. तो सज्जन असेल, दर चांगला देत असेल, तरीही परवाना नसलेल्या व्यक्तीशी परकी चलनाचा व्यवहार हा फेमाचा भंग आहे आणि त्यासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्या पैशाची पावती नसल्याने उद्या खात्यात भरताना तो कोठून आला हे सिद्ध करता येत नाही. याच्या उलट बाजूने होणारी फसवणूकही ध्यानात ठेवावी. रस्त्यात भेटलेला अनोळखी माणूस एक-दोन खऱ्या परकी नोटा दाखवून स्वस्तात पुडके देऊ करतो, आणि रुमालात बांधलेल्या त्या पुडक्यात कागदाचे तुकडे निघतात. असे प्रकार पोलिसांकडे नोंदले गेले आहेत आणि त्यात बळी पडणारे बहुधा कष्टाची पुंजी असलेले लोकच असतात.

काउंटरवर जाताना बंधूंनी आगमनाचा शिक्का असलेले पारपत्र, पॅन, आधार आणि खात्याचा तपशील सोबत घ्यावा. 1,000 डॉलरपर्यंतच्या मूल्याचे रुपये रोख मिळू शकतात. त्यापुढची रक्कम धनादेशाने किंवा थेट खात्यात घ्यावी लागते, म्हणून एवढे पैसे रोख का देत नाहीत असा वाद घालू नये. व्यवहारानंतर वटणावळीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. त्यावर चलन, दर, कर व दिनांक असतो आणि प्राप्तिकराच्या विचारणेत तोच कागद उपयोगी पडतो. चलन लगेच रुपयांत आणायचे नसेल तर कायम परतलेल्यांसाठी निवासी विदेशी चलन खात्याची सोय आहे, तिची चौकशी नियुक्त शाखेत करता येईल. बंधूंसोबतचे जे सहकारी अजून मस्कतला आहेत, त्यांनी नोटा न आणता तेथूनच अनिवासी खात्यात रक्कम पाठवावी, कारण त्यांना तारेचा दर मिळेल आणि वरील कोणताच खटाटोप करावा लागणार नाही.

तक्रारीबाबत एवढेच सांगतो की अधिकार नसलेल्या शाखेने नोट नाकारली ही तक्रार टिकत नाही. परंतु नियुक्त शाखा कोणती हे सांगण्यास नकार दिला, पावती दिली नाही किंवा सांगितल्यापेक्षा वेगळा दर लावला, तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार द्यावी आणि 30 दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ती विनामूल्य दाखल करावी. उरलेली नाणी मात्र कोठेही वटणार नाहीत. ती त्या देशात जाणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीला तेथे खर्चण्यासाठी देऊन टाकावीत.